मिनांगकाबाउ समाज
इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रा प्रांतातील मातृवंशीय मुस्लिम समाज. कूळ आईकडून चालते. कुळाची भातशेती आणि शिंगांसारख्या टोकदार छपराचे ‘रुमाह गदांग’ हे घर लेकींकडे जाते. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो; कुळाचा कारभार मामा पाहतो. निकाह, नमाज, रोजे मात्र शरियतप्रमाणे. एकोणिसाव्या शतकारंभी ‘पाद्री’ या इस्लामी सुधारणावादी चळवळीने जुगार, कोंबड्यांच्या झुंजी व जुन्या रूढींना कडाडून विरोध केला. त्यातून पेटलेल्या युद्धात डच उतरले आणि १८३७ मध्ये पाद्रींचा बोंजोल येथील किल्ला पडला. पुढे तडजोड रुजली : कुळाची मिळकत ‘अदात’ म्हणजे रूढीनुसार, तर स्वकष्टार्जित मिळकत इस्लामी वारसाहक्कानुसार वाटायची. धर्मनिष्ठा आणि स्त्रीचा जमिनीवरील हक्क एकत्र नांदू शकतात, याचे हे मोलाचे उदाहरण होय.