आपण नेमके कुठे आहोत?

गणपतीत बाहेरगावचे पाहुणे आले की काळभैरव, सिद्धवट आणि मग वेधशाळा, असा आपल्याकडचा फेरा ठरलेला असतो. वेधशाळेत उभे राहून आम्ही भैरवगढकर ऐटीत सांगतो, की जुन्या ज्योतिषग्रंथांत देशांतर मोजायची सुरुवात आपल्या उज्जयिनीपासून होत असे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांवरून जाणारी ती मध्यरेषा. पाहुणे माना डोलावतात. पण ही रेषा हवी कशाला, हे सांगायचे राहूनच जाते. ती हवी होती एका साध्या प्रश्नासाठी : आपण नेमके कुठे आहोत? या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, हे महाराष्ट्राने विमानांच्या बाबतीत अनुभवले आहे.

७ जुलै १९६२ ची मध्यरात्र. सिडनीहून रोमला निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. भर पावसाळा, बाहेर काही दिसत नव्हते. मुंबई जवळ आली असे समजून वैमानिकाने विमान खाली आणले. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि खाली जुन्नरकडचे सह्याद्रीचे डोंगर होते. दवंड्याच्या डोंगराला सुमारे ३,६०० फुटांवर, माथ्याच्या अगदी जवळ विमान धडकले. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, असे सर्व ९४ जण गेले. ८४ किलोमीटर म्हणजे पूर्ण वेगातल्या जेट विमानाची सहा-एक मिनिटे.

चौकशीत निष्कर्ष निघाला, की स्थान ठरवण्यात चूक झाली आणि त्यामुळे विमान वेळेआधी खाली उतरवले गेले. स्थान पडताळण्याची जी साधने उपलब्ध होती त्यांचा उपयोग केला गेला नाही, ठरलेली सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि त्या वाटेवरच्या डोंगरांचा परिचयही नव्हता.

दुसरी चूक वेगळ्या जातीची. मुंबईत जुहूचा विमानतळ आणि सांताक्रूझचा विमानतळ अगदी जवळजवळ, आणि दोन्हीकडे जवळपास एकाच दिशेची धावपट्टी. समुद्राकडून येणाऱ्याला आधी जुहूच लागते. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसीचे कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले. सुदैवाने काही निभावले नाही असे झाले नाही. ते पुढे तिथूनच उडवून नेले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळच्या धूसर हवेत जपान एअरलाइन्सचे डीसी-८ त्याच चुकीने जुहूला उतरले. धावपट्टी पुरली नाही, विमान पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. आतले १२२ जण वाचले, काही जखमी झाले.

जुन्नरला काही दिसत नव्हते म्हणून चूक झाली. जुहूला धावपट्टी डोळ्यांनी दिसली म्हणून झाली. तरी मूळ एकच. मनात एक उत्तर आधी पक्के झाले, आणि पुढचे सगळे त्या उत्तरात बसवले गेले. आपल्या भैरवगढच्या छिप्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पहिला ठसा बोटभर सरकला, की पुढचे सगळे ठसे एकमेकांना नीट जुळतात, आणि कापड मात्र वाया जाते.

अशा अपघातांनंतर वैमानिकाला बेफिकीर ठरवून मोकळे होणे सोपे असते. विमानशास्त्राने ती सोपी वाट सोडली म्हणून पुढे सुधारणा झाली. जमीन जवळ येताच ओरडून सावध करणारे यंत्र १९७० च्या दशकात विमानांत बसू लागले. ते फक्त खालची जमीन पाही. समोरचा उभा कडा त्याला उशिरा कळे. नंतरची यंत्रे उपग्रहावरून मिळालेले स्थान डोंगरांच्या साठवलेल्या नकाशाशी ताडून आधीच इशारा देऊ लागली. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्याच्या शेजारी दुसरा साक्षीदार बसवला.

आणि इथेच आपली वेधशाळा पुन्हा आठवते. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात ती बांधली, कारण कोष्टकांतली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती जुळत नव्हती. कोष्टके नामांकित होती, तरी त्यांनी पुन्हा आकाशाकडे पाहिले. पुढे पडझड झालेल्या या वास्तूची १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली तिथे पुन्हा वेध सुरू झाले.

तेव्हा यंदा पाहुण्यांना, आणि विशेषतः आपल्या मुलांना, सम्राट यंत्रापाशी थोडे जास्त थांबवू या. सावलीवरून वेळ वाचायला लावू. ती घड्याळाशी जुळणार नाही, कारण आपल्या गावचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटे मागे असतो. मुले विचारतील, खरे कोणते? दोन्ही खरी, फक्त कुठून मोजले हे आधी विचारायचे असते. आपल्या गावाने जगाचे शून्य धरले याचा अभिमान जरूर असावा. पण पडताळून पाहण्याची ती सवय पुढच्या पिढीच्या हाती गेली, तर तो अभिमान सार्थकी लागेल.