हस्तनिर्मित वेगविक्रमी मोटारसायकल : कारागिरी, मोजमाप आणि नोंद
(नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष साधारणपणे मोठे कारखाने, शासकीय धोरणे आणि नामवंत उद्योजक यांच्याकडे वेधले जाते. गल्लीतील गॅरेजमध्ये, लेथवर आणि भट्टीसमोर घडलेले तंत्रज्ञान मात्र इतिहासाच्या पानांवर अभावानेच उतरते. भूमीवरील वेगविक्रमासाठी घडवलेली मोटारसायकल हा या दृष्टीने एक उद्बोधक विषय आहे. हे वाहन विक्रीसाठी नसते. ते बहुधा एकच घडवले जाते, वर्षानुवर्षे दुरुस्त केले जाते आणि सरळ रेषेत काही सेकंद धावण्यासाठीच त्याचे सारे आयुष्य खर्ची पडते. तरीही त्या काही सेकंदांची नोंद शंभर वर्षांनंतरही उपलब्ध असते.

नाशिक हे यंत्रकामाचे शहर आहे. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत अचूक यंत्रभाग घडवणारे कुशल कामगार पिढ्यानपिढ्या आहेत. असे असूनही मैलाच्या वेगविक्रमाची परंपरा येथे, किंबहुना महाराष्ट्रात कोठेच, रुजली नाही. हे का घडले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मोटारसायकलच्या वेगविक्रमांच्या इतिहासात मोजमाप व नोंद यांचे स्थान तपासणे.
२) हस्तनिर्मित विक्रमी वाहनामागील कारागिरीचे स्वरूप समजून घेणे.
३) त्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिकमधील यंत्रकौशल्याचा ऐतिहासिक विचार करणे.

विक्रम आणि मोजमाप

जानेवारी १९०७ मध्ये अमेरिकेतील ऑर्मंड बीच येथे ग्लेन कर्टिस यांनी स्वतः घडवलेली आठ सिलिंडरची मोटारसायकल ताशी १३६.३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर वेगाने चालवली. हे इंजिन मुळात हवाई वाहनासाठी तयार केले होते. पुढे कर्टिस विमानविद्येतील अग्रणी ठरले. मात्र त्यांचा हा वेग अधिकृत जागतिक विक्रम म्हणून गणला गेला नाही. अधिकृत विक्रमांची मालिका १९२० पासून मोजली जाते. त्या वर्षी एप्रिलमध्ये डेटोना येथे अर्नेस्ट वॉकर यांनी 'इंडियन' मोटारसायकलवर ताशी १०४.१२ मैल हा वेग नोंदवला. अधिकृत पहिला विक्रम तेरा वर्षांपूर्वीच्या अनधिकृत वेगापेक्षा कितीतरी कमी होता, ही बाब लक्षणीय आहे. विक्रमात यंत्राचा वेग जेवढा महत्त्वाचा, तेवढीच त्या वेगाची सर्वमान्य नोंदही महत्त्वाची असते, हे यावरून स्पष्ट होते.

या क्षेत्रातील मूलभूत नियम साधा आहे. वाहनाने मोजून आखलेला मैल किंवा किलोमीटर परस्परविरुद्ध दिशांनी, ठरावीक कालावधीच्या आत, दोनदा पार करावा लागतो. दोन्ही फेऱ्यांची सरासरी हाच विक्रम. वाऱ्याचा वा उताराचा लाभ एका दिशेला मिळाला, तर परतीच्या फेरीत त्याची वजाबाकी होते. नियम पाळला न गेल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण १९५६ मधील आहे. टेक्सासमधील जॉनी ऑलन यांनी बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर ट्रायम्फ इंजिनाच्या, हाताने घडवलेल्या लांबट वाहनातून ताशी २१४ मैलांचा वेग गाठला. अमेरिकी संघटनेने तो मान्य केला. आंतरराष्ट्रीय महासंघाने मात्र आपला अधिकृत निरीक्षक उपस्थित नव्हता, या कारणास्तव तो नाकारला. ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये आपल्या नव्या मोटारसायकलला 'बॉनव्हिल' हे नाव दिले. अशा रीतीने हा वेग एका वाहनाच्या नावात टिकला, तरी जागतिक विक्रमांच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही.

बर्ट मनरो यांची कार्यशाळा

हस्तनिर्मित विक्रमी मोटारसायकलचा सर्वांत परिचित नमुना न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मनरो (१८९९–१९७८) यांचा आहे. २००५ मधील 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' या चित्रपटामुळे त्यांचे नाव आपल्याकडेही पोहोचले. या नावातील 'इंडियन' शब्दाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील मोटारसायकल कंपनीचे ते व्यापारी नाव होते आणि त्यातून तेथील मूळ रहिवाशांचा निर्देश होत असे.

मनरो यांनी १९२० मध्ये ६०० सीसीची 'इंडियन स्काउट' विकत घेतली. तिचा मूळ कमाल वेग ताशी सुमारे ५५ मैल होता. पुढची सत्तेचाळीस वर्षे ते याच वाहनावर काम करत राहिले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांनी पिस्टन ओतले, बिडाच्या गॅसनळीपासून सिलिंडर तयार केले आणि ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड घडवले. ओरेटी या समुद्रकिनाऱ्यावर ते चाचण्या घेत. मोडलेले भाग फेकून न देता त्यांनी ते कार्यशाळेतील फळीवर मांडून ठेवले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही फळी म्हणजे अपयशांचे सुव्यवस्थित दप्तरच वाटेल. कोणता भाग कोठे तुटला, हे पुढील भाग घडवणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

१९६२ मध्ये त्यांनी बॉनव्हिल येथे ८८३ सीसी गटात ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, १००० सीसीखालील गटात त्यांच्या नावावर ताशी १८३.५९ मैल हा विक्रम नोंदवला गेला. या नोंदीची पुढील कथाही महत्त्वाची आहे. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाल्याचे त्यांच्या मुलाच्या निदर्शनास आले. जुन्या नोंदी तपासून अमेरिकी संघटनेने २०१४ मध्ये, म्हणजे मनरो यांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी, विक्रम १८४.०८७ मैल (सुमारे २९६ किलोमीटर) असा दुरुस्त केला. मूळ वेळांची नोंद जपली गेली होती, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.

वेगाचे गणित

मनरो यांनी गाठलेली वेगवाढ केवळ इंजिनाची शक्ती वाढवून साध्य झाली असती का, हे पाहणे उपयुक्त ठरेल. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५५ मैलांवरून १८४ मैलांवर जाणे म्हणजे वेग सुमारे ३.३५ पट होणे. त्याचा घन ३७ च्या घरात येतो. वाहनाचा आकार तसाच राहिला असता, तर हवेशी झुंजण्यासाठी सुमारे सदतीस पट शक्ती लागली असती. त्या जुन्या इंजिनाकडून एवढी अपेक्षा अवाजवी होती. म्हणून मनरो यांनी चालकासह संपूर्ण वाहनाला झाकणारे माशाच्या आकाराचे कवच घडवले.

कवचामुळे अवरोध घटतो, परंतु नवी अडचण उद्भवते. हवेच्या दाबाचे केंद्र वाहनाच्या गुरुत्वमध्याच्या पुढे आले, तर बाजूचा किंचित वाराही वाहनाला वळवू लागतो. अशा वेळी शेपटीचा आकार, वजनाची मांडणी आणि पुढील चाकाच्या फोर्कचा कोन यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. त्यातच मिठाच्या पृष्ठभागावर चाकांची पकड डांबरी रस्त्यापेक्षा कमी असते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन सेकंदाला सुमारे ८३ मीटर अंतर कापते आणि आखलेला मैल एकोणीस-वीस सेकंदांत ओलांडते. एवढ्या अल्प काळात चूक सुधारता येत नाही. ती आधीच कार्यशाळेत सुधारलेली असावी लागते.

टंचाई आणि कारागिरी : न्यूझीलंड व महाराष्ट्र

आपल्याकडे ही परंपरा का निर्माण झाली नाही, याचे सहज दिले जाणारे उत्तर 'परवाना राज' हे आहे. या उत्तरात तथ्य आहे. आयातीवर कडक निर्बंध होते, उत्पादनाला मर्यादा होत्या आणि बजाजच्या स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी सहकार्याने १०० सीसीच्या मोटारसायकली येईपर्यंत बुलेट, राजदूत आणि येझदी अशी मोजकीच वाहने उपलब्ध होती.

तथापि हे उत्तर अपुरे आहे. न्यूझीलंडमध्येही १९३८ पासून आयात परवान्यांची पद्धत होती. युरोप-अमेरिकेतील कारखान्यांपासून तो देशही दूरच होता. टंचाईनेच तेथील हौशी कारागिराला सुटे भाग स्वतः घडवायला शिकवले. महाराष्ट्रातही हेच घडले. आपला मिस्त्री सिलिंडर रिबोअर करून, बुश बदलून, झिजलेला भाग वेल्डिंगने भरून पुन्हा लेथवर उतरवून वीस-वीस वर्षे वाहन चालते ठेवत असे. दोन-स्ट्रोक इंजिनाचे पोर्ट घासून आणि कार्ब्युरेटरचे जेट बदलून वेग वाढवण्याची कला गॅरेजांतून सर्वपरिचित होती.

फरक दोन ठिकाणी आढळतो. पहिला आर्थिक आहे. आपल्याकडे मोटारसायकल हे बहुधा कुटुंबाचे एकमेव वाहन होते. ते प्रयोगासाठी मोडून ठेवणे परवडणारे नव्हते. दुसरा फरक संस्थात्मक आहे. २ जुलै १९५५ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चजवळ ट्रॅम रोड या साध्या सरळ रस्त्यावर रसेल राइट यांनी व्हिन्सेंट मोटारसायकलवर ताशी १८५ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्याच वेळी रॉबर्ट बर्न्स यांनी साइडकार गटात विक्रम प्रस्थापित केला. तेथे मिठाचे मैदान नव्हते. वाहतुकीपासून मोकळा केलेला रस्ता, अचूक घड्याळे आणि नियम जाणणारे निरीक्षक होते. म्हणजे कौशल्याला साक्षीदार लाभले होते.

साक्षीदाराअभावी पराक्रमाचे काय होते, याचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. उंची, अंतर आणि वेळ यांची मोजून केलेली समकालीन नोंद नसल्याने हा विषय सव्वाशे वर्षे अभिमान आणि उपहास यांच्या कात्रीत सापडला आहे. तळपदे यांच्या प्रत्यक्ष प्रयत्नांचे न्याय्य मूल्यमापनही त्यामुळे अवघड झाले. नोंदीअभावी सर्वाधिक हानी प्रयोगकर्त्याचीच होते.

नाशिकची पार्श्वभूमी

नाशिकला कौशल्याची उणीव कधीच नव्हती. ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. सातपूर येथील बॉश (पूर्वीची मायको) कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल व इंजेक्टर तयार होऊ लागले. या कामात मायक्रॉनपर्यंतची अचूकता पाळावी लागते. महिंद्रच्या नाशिक येथील कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली. या कारखान्यांभोवती लघुउद्योगांचे दाट जाळे विणले गेले. मोटारक्रीडेचीही नाशिकला ओळख आहे. राष्ट्रीय रॅली मालिकेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' येथील घाटवाटांवर झाली आहे आणि मातीच्या ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतींनाही येथे मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. साधारण तीन किलोमीटरच्या धावपट्टीपैकी निम्म्याहून अधिक भाग मोजणीचा मैलच व्यापतो. वेग घेण्यास आणि थांबण्यास पुरेसे अंतर उरत नाही. म्हणूनच लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या 'व्हॅली रन' स्पर्धा पाव मैलाच्या होत्या. २०२१ मध्ये इंदूरजवळील पीथमपूर येथे ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग सुरू झाला. तो अंडाकृती असल्याने सरळ मैलाच्या विक्रमाची जागा घेऊ शकत नाही; तथापि वेगाचे शास्त्रशुद्ध मोजमाप करण्याची सोय मुंबई-आग्रा महामार्गाच्या परिसरात उपलब्ध झाली आहे. सार्वजनिक रस्ता हा यासाठी पर्याय नव्हेच. वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावरील कायदेशीर निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये अधोरेखित केले आहेत आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते योग्यच आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वेगविक्रमी मोटारसायकलचा इतिहास हा कारागिरीइतकाच मोजमापाचाही इतिहास आहे. कर्टिस, ऑलन आणि मनरो यांच्या उदाहरणांतून नोंदीचे निर्णायक महत्त्व दिसून येते.
२) टंचाईमुळे कारागिरी खुंटते, हे गृहीतक टिकत नाही. न्यूझीलंड आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी टंचाईने हाताला कसब दिले. कसबाला नियम, घड्याळ आणि साक्षीदार पुरवणाऱ्या संस्था मात्र एकाच ठिकाणी उभ्या राहिल्या.
३) नाशिकमध्ये विक्रम झाला नाही, यापेक्षा येथील कसब लिहिले गेले नाही, ही अधिक गंभीर बाब आहे. विक्रम उद्याही करता येईल. पण निवृत्त झालेल्या टर्नर-फिटरच्या हातातील ज्ञान त्यांच्यासोबत नाहीसे होते.

या संदर्भात महाविद्यालयांची जबाबदारी स्पष्ट आहे. २००७ पासून भारतात होत असलेल्या 'बाहा' स्पर्धेमुळे अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहन घडवू लागले आहेत. त्या कामात गॅरेजमधील मिस्त्रींना मार्गदर्शक म्हणून सन्मानाने सहभागी करून घेता येईल. इतिहास आणि मराठी या विभागांनी जुन्या कारागिरांच्या मुलाखती, कामाच्या वह्या, मोडके भाग आणि त्यांच्या व्यवसायातील शब्द यांचे संकलन हाती घ्यावे. मनरो यांच्या फळीसारखी एक फळी प्रत्येक औद्योगिक शहराच्या महाविद्यालयात असावयास हवी. ती नसेल, तर आपल्या कारागिरांच्या पराक्रमांचेही भवितव्य चौपाटीवरील त्या विमानासारखेच होईल.