व्हॅलेन्सियाला जाताय? पाएया दुपारीच खा!

स्पेनची ट्रिप म्हटलं की बार्सिलोना आणि माद्रिद ठरलेलं. देशातलं तिसरं मोठं शहर, भूमध्य समुद्राकाठचं व्हॅलेन्सिया, अनेकांच्या यादीत नसतंच. पण रील्समध्ये दिसणारा तो पिवळाधमक पाएया मूळचा इथलाच. (हो, उच्चार पाएया, 'पाएला' नाही.)

गंमत म्हणजे अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात मासे, कोळंबी नसते. तांदूळ, कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, आपल्या डबल बीसारखे मोठे दाणे आणि केशर. तांदूळ येतो शहराच्या दक्षिणेकडच्या अल्बुफेरा सरोवराकाठच्या शेतांतून. तळाला लागलेल्या खरवडीला 'सोकारात' म्हणतात, आणि खरी मजा तिच्यातच. स्थानिक लोक पाएया दुपारी जेवतात, रात्री नाही. शाकाहारी असाल तर भाज्यांचा मागा, पण तो शिजवलाय कशाच्या पाण्यात, हे आधी विचारा.

उन्हात फिरून दमलात की थंडगार 'ओर्चाता' प्या. दुधासारखा दिसतो, पण बनतो चुफा नावाच्या कंदापासून. ही वनस्पती आपल्या लव्हाळ्याच्या जातकुळीतली!

बघायचं काय? १५व्या शतकातला रेशीमबाजार, म्हणजे 'लोन्खा', आणि त्याच्यासमोरची मंडई. गुरुवारी दुपारी १२ वाजता कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय बसतं. कालव्याच्या पाण्याचे तंटे तिथं तोंडी मिटवले जातात.

आणि तुरिया बाग. ही बाग नदीच्या पात्रात आहे. १९५७च्या महापुरानंतर नदीच शहराच्या दक्षिणेला वळवली आणि मोकळ्या पात्रात पुढे सुमारे ९ किलोमीटरची बाग झाली. २९ ऑक्टोबर २०२४ला पुन्हा पूर आला, तेव्हा या नव्या पात्रामुळे शहराचा मुख्य भाग वाचला. पात्रापलीकडची पायपोर्तासारखी गावं मात्र चिखलात बुडाली. व्हॅलेन्सिया प्रांतात २२०हून जास्त माणसं गेली. पर्यटकांच्या फोटोंत ही गावं दिसत नाहीत.

नाइटलाइफसाठी रुसाफा किंवा एल कार्मेन गाठा. जेवणच रात्री ९नंतर, त्यामुळे क्लबला १२च्या आधी जाऊन उपयोग नाही. 'आग्वा दे व्हॅलेन्सिया' म्हणजे शब्दशः 'व्हॅलेन्सियाचं पाणी'. पण त्यात संत्र्याच्या रसासोबत कावा वाइन, व्होडका आणि जिन असते, तेव्हा बेतानं.

१५ ते १९ मार्चला फायास उत्सव. महिनोन् महिने खपून बनवलेले अवाढव्य पुतळे १९च्या रात्री जाळतात. तेव्हा जायचं तर हॉटेल खूप आधी बुक करा, आणि कानात घालायला बोळे न्या. फटाके भरदुपारीही फुटतात.