घाणीचे फेरे

वणी तालुक्यांत राजूर म्हणून एक गांव आहे. तेथें भूमीच्या पोटांत दगडी कोळसा आहे आणि शेजारींच चुनखडीही आहे. भट्टीचा दगड आणि भट्टीचें जळण सृष्टीनें इतकें जवळजवळ ठेवावें, असा योग थोड्याच ठिकाणीं येतो. राजूरच्या चुनाभट्ट्यांना हा शेजार लाभला. परंतु भट्टींतून निघालेली पांढरी कळी म्हणजे कांहीं बांधकाम नव्हे. तिला पाणी पाजावें लागतें, तींत वाळू आणि सुरकी घालावी लागते, आणि तें सारें एकजीव होईपर्यंत मळावें लागतें. हें मळण्याचें काम ज्या यंत्रानें शेंकडों वर्षें केलें त्या चुन्याच्या घाणीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. राजांचीं आणि किल्ल्यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं. ज्या कालवणानें ते किल्ले उभे राहिले त्याकडे मात्र दुर्लक्ष झालें.

यवतमाळ जिल्ह्यांतील जुनें बांधकाम पाहूं गेल्यास आरंभीं भेटतात तीं हेमाडपंती देवळें. यवतमाळनजीक लोहारा येथें असें एक देऊळ आहे. या पद्धतीच्या घडणींत चुन्याचा आधार घेतलेला नसतो. एका चिऱ्यास खोबण, दुसऱ्यास तींत बसणारें कूस, आणि वरून दगडाचें ओझें, एवढ्यावर सारें उभें. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकांतील मंत्री. पण त्याच्या नांवावर चढविलेलीं कितीतरी देवळें त्याच्या आधींचीं आहेत. चुन्यावांचून बांधलें याचें लोकांस कौतुक वाटतें आणि तें रास्तही आहे. परंतु त्या कौतुकांत खर्चाचा हिशेब कोणी धरीत नाहीं. प्रत्येक चिरा टांकीनें नेमका घडवावा लागे. ज्याच्या पाठीशीं राजा किंवा धनिक नाहीं त्यानें असलें घर बांधावें कसें? चुन्यानें हा प्रश्न सोडविला. ओबडधोबड दगड, तुटकी वीट, वेडीवांकडी दरज, चुना सगळें सांभाळून घेई. पाथरवटाच्या हातांचे श्रम हलके झाले आणि ते घाणीच्या बैलाच्या मानेवर गेले.

बहामनी राजवटीपासून पुढें दक्षिणेंत कमानी आणि घुमट वाढले, तशी चुन्याची मागणीही वाढली. महाराष्ट्रांतील अनेक गडांवर घाणीचे वर्तुळाकार दगडी चर अजून दिसतात आणि जवळच गवतांत एखादें झिजलेलें चाक पडलेलें असतें. पाहणारे तिला तेलाची घाणी समजतात आणि पुढें जातात. रायगडाचें बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकराचें नांव तेथील पायरीवर कोरलेलें आहे, हें बहुतेकांस ठाऊक असतें. त्या गडाचा चुना ज्यांनीं मळला त्यांचें नांव कोणत्याही दगडावर नाहीं.

घाणीची गरज कां पडते हें कळण्यास चुन्याचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागतो. चुनखडी भट्टींत सुमारें ९०० अंशांपर्यंत तापली कीं तिच्यांतील कर्बवायु निघून जातो. शुद्ध दगड १०० शेर घातला तर कळी ५६ शेरच हातीं येते. कळीवर पाणी पडतांच ती उकळल्यासारखी होते, फुगते आणि तिची पूड होते. ही पूड भिंतींत गेल्यावर हवेंतील तोच वायु हळूहळू परत घेते आणि पुन्हां दगड होऊं लागते. पण जाड भिंतीच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. तेथें शुद्ध चुना वर्षानुवर्षें मऊच राहतो. यावर उपाय दोन. एक, काळ्या मातींत आणि ओढ्यांच्या कांठीं सांपडणारे मातकट चुनखडीचे गोटे भाजावयाचे. त्यांतील मातीच्या अंशामुळें तो चुना ओलाव्यांतही घट्ट होतो. दुसरा, चुन्यांत सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळावयाची. इंग्लंडांत स्मीटन यानें एडिस्टनच्या दीपगृहाचें काम १७५६ मध्यें हातीं घेतलें तेव्हां मातकट चुनखडीचें हें मर्म प्रयोगानें ताडलें. आपल्याकडील गवंड्यांना सुरकीचा गुण अनुभवानें ठाऊक होता. तो लिहून ठेवण्याची मात्र त्यांना संवय नव्हती.

सुरकीचा गुण चुन्याला लागावयाचा तर दोहोंचे कण अंगास अंग लावून बसले पाहिजेत. फावड्यानें कालवून तें साधत नाहीं. शिवाय चुन्यांत न विरलेले खडे राहून जातात; ते भिंतींत गेल्यावर पुष्कळ दिवसांनीं विरतात, फुगतात, आणि गिलाव्याला फोड येतात. चाकाखालीं हे खडे चिरडले जातात. म्हणून मिसळणें आणि दळणें अशीं दोन्ही कामें घाणीला एकदम करावीं लागतात.

घाणी बसविणें दिसावयास सोपें, पण त्यांतच निम्मी विद्या होती. जागा पाण्याजवळची आणि कामाजवळची पाहिजे. जमीन ठोकून घट्ट करावयाची, मधोमध खुंटा पुरावयाचा, आणि त्या खुंट्यास दोरी बांधून चराचें वर्तुळ आंखावयाचें. चर घडीव दगडाचा किंवा विटांचा. त्याची खोली सर्वत्र सारखी आणि रुंदी चाकाच्या जाडीहून थोडी अधिक. दगडी चाकाच्या मध्यास भोंक पाडून त्यांतून दांडा नेलेला असे. त्याचें एक टोंक खुंट्याशीं फिरतें अडकविलेलें आणि दुसरें चराबाहेर बैलाच्या जुंवाशीं. खुंटा मध्यापासून दोन बोटें जरी सरकला तरी चाक एके ठिकाणीं चराची कड घांसूं लागे. दगडाची भुकटी चुन्यांत जाई, आणि समोरच्या बाजूस चुना न दळतां कडेला तसाच बसे. तळ एके जागीं खोलगट राहिला तर पातळ चुना वाहून तेथें साठे आणि वाळू मागें राही. असल्या घाणींतून निघालेलीं पहिलीं चार घमेलीं आणि शेवटचीं चार घमेलीं एका कामाचीं वाटत नसत. तीं एकाच भिंतींत जात, आणि भिंत मात्र आपल्या सर्वांत कच्च्या थराइतकीच पक्की असे.

रोजची निगा याहून कष्टाची. सायंकाळीं चर खरवडून धुतला नाहीं तर सुरकीचा चुना रात्रींतून तळाशीं धरूं लागतो; दुसऱ्या दिवशीं तो खपला सुटतो आणि ताज्या कालवणांत मेलेला चुना मिसळतो. दांड्याला वंगण घालावयाचें, चाकाचें भोंक झिजून रुंद झालें कीं त्यांत नवा तुकडा बसवावयाचा, चाकाची धार एकीकडे कलती झाली कीं पाथरवटाला बोलावून ती पुन्हां सरळ करावयाची. चाकामागून एक मनुष्य फावडें घेऊन चाले आणि कडेला गेलेला चुना परत मध्यें ओढी. चुन्यानें हातापायांची कातडी फाटे. डोळ्यांत शिंतोडा उडाला तर दृष्टीवरच बेते. सुरकी चाळणें आणि घमेलीं वाहणें बहुधा स्त्रियांकडे असे. बैलाचें दुःख निराळें. दिवसभर एकाच बाजूस वळत चालल्यानें एकच खांदा घांसला जातो. जाणता मुकादम बैल बदलून जुंपी. कंत्राटाची घाई असलेला तेवढेंही करीत नसे.

जुन्या चुन्याविषयीं बोलतांना लोक गूळ, हिरडा, उडीद आणि बेलफळ यांचीं नांवें मोठ्या आवडीनें घेतात. जणूं काय सारें गुपित त्या मसाल्यांतच होतें! गुळाच्या पाण्यांत चुना साध्या पाण्यापेक्षां अधिक विरघळतो आणि कालवण चिकट व मऊ होतें, हें खरें आहे. परंतु गूळ घालून घाणी अर्धी फिरविली तर भिंत कच्चीच राहणार. ही गोष्ट सरकारी बांधकाम खात्यानें पुढें नीट ओळखली, आणि कामाच्या अटींत मालाच्या प्रमाणाबरोबर चुना किती वेळ दळावा हेंही लिहिलें जाऊं लागलें. त्यावर देखरेख ठेवणें सोपें होतें. घाणी उघड्यावर असे आणि तिची गति बैलाची असे. चोरी करावयाची म्हटली तरी ती सर्वांच्या देखत करावी लागे.

१८६४ सालीं आग्नेय वऱ्हाड या नांवानें जो जिल्हा निर्माण झाला तोच पुढें वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि १९०५ मध्यें त्यास यवतमाळ हें नांव मिळालें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला आणि कापसाच्या व्यापारानें सर्व वऱ्हाडाचें रूप पालटलें. सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांचीं उंच धुराडीं आणि वाफेच्या यंत्रांचे ओटे यांना पक्कें बांधकाम लागे, आणि सिमेंट हातीं येईपर्यंत पक्कें म्हणजे चुन्याचें. मोठ्या कामांवर तोंवर बैलाच्या जागीं वाफेचें यंत्र आलें होतें. नव्या घाणींत चाक फिरण्याऐवजीं लोखंडी परात फिरे आणि तिच्यावर दोन जड रूळ आपल्या जागीं गरगरत. परातीच्या तळाचे पत्रे झिजले कीं बदलतां येत, आणि फावड्याच्या माणसाचें काम लोखंडी पातें करी. तिचे रोगही नवे होते. पट्टा सैल होणें, दात्यांत वाळू जाणें, पातें वांकणें, हे दोष पाथरवटाला कळेनात. त्यांना फिटर लागूं लागला. महाराष्ट्रांतील १८७९ चें खडकवासल्याचें आणि १९२६ चें भंडारदऱ्याचें धरण हीं दगडी कामें चुन्याच्याच काळांतलीं. त्यांच्या भिंतींत किती घमेलीं चुना गेला असेल याची कल्पनाच करावी.

आस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटाचा हक्क १८२४ मध्यें इंग्लंडांत नोंदविला; हिंदुस्थानांत पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्यें चालूं झाला. सिमेंट लवकर घट्ट होतें आणि फार बळकट होतें, म्हणून त्यानें चुन्याला हटविलें, असें सांगतात. तें अर्धेंच खरें आहे. सिमेंट मिसळण्यास वेळ लागत नाहीं, हें त्याच्या विजयाचें तितकेंच मोठें कारण आहे. घाणीवर तासन्‌तास जात. मिक्सरच्या पिंपांत दोन मिनिटें पुरतात. आपल्याकडे ज्याला दहा-सातचा मिक्सर म्हणतात तो १० घनफूट कोरडा माल घेतो आणि ७ घनफूट ओलें काँक्रीट देतो; उरलेली जागा खडीच्या पोकळींत बारीक माल शिरल्यानें जिरते. तरीही हा बदल जिल्ह्याच्या लहान गांवांत सावकाश झाला. सिमेंटावर सरकारी नियंत्रण होतें, तें १९८२ मध्यें अंशतः आणि १९८९ मध्यें पूर्णपणें उठलें. तोंवर परवान्याची वाट पाहणाऱ्याला चुना जवळचा वाटे.

मिक्सर बसवितांना घाणीचाच धडा पुन्हां गिरवावा लागतो. खालची जमीन घट्ट आणि समपातळीची नसेल तर माल पिंपाच्या एका अंगास बसतो आणि दांते एकीकडून झिजतात. आंतलीं पातीं झिजलीं तर माल वर उचलला न जातां नुसता घसरत राहतो. बाहेरून पिंप फिरतांना दिसतें, आंत मिश्रण होत नसतें. सायंकाळीं पाणी आणि थोडी खडी घालून पिंप फिरवून धुवावें लागतें. तें टाळलें म्हणजे आंत पुटें चढतात, मग मजूर बाहेरून हातोडे मारतात, पिंपाला पोंचे पडतात आणि त्या पोंच्यांत पुढचा माल अधिकच धरतो. पण सर्वांत मोठा दोष यंत्राचा नसून पाण्याचा आहे. पाणी जास्त ओतलें कीं काँक्रीट सहज सरकतें, कामगारांचे श्रम वांचतात, आणि बळ घटतें. अमेरिकेंतील डफ अब्राम्स यानें १९१८ मध्यें हें प्रयोगानें सिद्ध केलें. बादलीभर पाण्याची ही चोरी घाणीच्या चोरीसारखी दिसत नाहीं. ती क्षणांत होते आणि स्लॅबच्या पोटांत लपते.

यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद येथील जुन्या वाड्यांपुढें आज आणखी एक अडचण आहे. येथील काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. चुन्याची भिंत या हालचालीबरोबर थोडी हलते, आणि तिच्या बारीक चिरा पाझरणाऱ्या पाण्याबरोबर विरघळून आलेल्या चुन्यानें पुष्कळदां आपोआप भरून येतात. अशा भिंतीस सिमेंटाचा गिलावा दिला कीं ओल आंत कोंडते, कठीण कवच सुटतें आणि जातांना जुन्या विटेचा पृष्ठभाग घेऊन जातें. घरमालक हौसेनें खर्च करतो आणि चार पावसाळ्यांत भिंत पूर्वीपेक्षां वाईट होते. पैसा जातो तो जातोच, शिवाय आजोबांचें घर जातें. चुना मळून देणारा मनुष्य गांवांत उरलेला नाहीं, एवढेंच बहुधा त्याचें कारण असतें.

२०२२ मध्यें झरी जामणी तालुक्यांत मुकुटबन येथें वर्षाला सुमारें ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंटचा कारखाना सुरू झाला. आजच्या अशा कारखान्यांत चुनखडीची पूड उंच कोठ्यांत भरतात आणि तळाकडून हवा सोडून ती ढवळतात. मग ती सुमारें १४५० अंशांच्या भट्टींत जाते. तेथील मिश्रणांत थोडी उणीव राहिली तर हजारों पोतीं बिघडावीं, म्हणून नमुने सतत तपासले जातात. दुसरीकडे, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठीं चुन्याची घाणी कोठें कोठें पुन्हां बसविली जात आहे. बैलाऐवजीं तिला विजेची मोटार असते. मोटार मिनिटाला हजारावर फेरे घेते. दात्यांची चाकें लावून ती गति बैलाच्या चालीइतकी मंद करावी लागते, कारण चाक वेगानें फिरलें तर चुना दळला न जातां चराबाहेर उडतो.