भरली कोंबडी : शेजाऱ्यांना वाटण्याआधी

पोट साफ केलेल्या अख्ख्या कोंबडीच्या पोकळीत मसालेदार सारण भरून, ती शिवून मंद आचेवर भाजली की भरली कोंबडी होते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळाला वा फेस्ताला ती आवर्जून केली जाते. ‘रेशाद’ हा आपल्या परिचयाचा शब्द पोर्तुगीजमधून आलेला असून त्याचा मूळ अर्थच ‘भरलेले’ असा आहे. हा पदार्थ सहसा पाहुण्यांसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी केला जातो. म्हणूनच दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : सारण आतपर्यंत शिजले आहे काय, आणि घेणाऱ्याला ते चालते काय.

पूर्वपीठिका

सारण भरण्याची कल्पना दक्षिणेत जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात वांग्यात मांसाचे सारण भरून तळण्याची कृती आढळते. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त ‘मुसम्मन’ नावाचा पदार्थ आहे. त्यात कोंबडीची हाडे मानेकडून काढून, ती अखंड ठेवून, आत खिमा व अंडी घालण्याचा उल्लेख येतो. उत्तर हिंदुस्थानातील मुर्ग मुसल्लम याच कुळातील होय.

हुबळी-धारवाडचा संदर्भ

मुरगाव बंदरातून निघून कुळे, कॅसलरॉक व लोंढामार्गे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला आणि गोवा धारवाड-हुबळीशी जोडला गेला. रेल्वे कारखान्यामुळे निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे हुबळीत स्थिरावली. १९६२ साली दोन्ही शहरांची एकच महानगरपालिका झाली. येथे कन्नड, मराठी, उर्दू व कोकणी बोलणारी घरे एकाच गल्लीत आढळतात. सावजी खानावळींतील झणझणीत मांसाहार जितका प्रसिद्ध, तितकाच लिंगायत, जैन व ब्राह्मण घरांतील शाकाहार काटेकोर. अशा वस्तीत ताट पाठवताना जीभ आणि नियम या दोन्हींचा विचार करावा लागतो.

साहित्य व सारण

सुमारे सव्वा किलोची, कातडीसह कोंबडी घ्यावी. दुकानात ती बहुधा सोलूनच देतात, म्हणून आधी सांगून ठेवावे. कातडी नसल्यास मांस कोरडे पडते. वाटणासाठी १० ब्याडगी मिरच्या, ८ लसूण पाकळ्या, इंचभर आले, १ चमचा जिरे, अर्धा चमचा मिरी, ५ लवंगा, दालचिनीचा तुकडा, हळद, मीठ, थोडी साखर व ३ मोठे चमचे व्हिनेगर लागते. ब्याडगी हे गाव हुबळीच्या दक्षिणेस हावेरी जिल्ह्यात आहे. तेथील मिरची रंगाला गडद व तिखटाला बेताची असते, त्यामुळे हे वाटण लालभडक दिसूनही जीभ पोळत नाही.

निम्मे वाटण कोंबडीला आतबाहेर चोळून ती ३ ते ४ तास शीतकपाटात झाकून ठेवावी. दोन कांदे परतून त्यात पाव किलो मटणाचा खिमा, बारीक चिरलेली कलेजी व पेटा आणि उरलेले वाटण घालावे. खिम्यातील पाणी आटून तो पूर्ण शिजला की उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, पावाचा चुरा व मूठभर बेदाणे मिसळावेत. कच्चा खिमा कधीही भरू नये.

भरणे व भाजणे

सारण कोमट असतानाच भरावे. पोकळीचा चौथा हिस्सा मोकळा ठेवावा, कारण पाव रस शोषून फुगतो आणि दाबून भरलेल्या सारणात उष्णता उशिरा पोहोचते. तोंड जाड सुती दोऱ्याने शिवून पाय बांधावेत आणि कोंबडी लगेच आचेवर चढवावी. भरून रात्रभर ठेवणे धोक्याचे आहे, कारण कच्च्या मांसाचा रस सारणात उतरतो आणि त्यात जंतू वाढतात.

ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर सुमारे पावणेदोन तास लागतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर सर्व बाजूंनी तांबूस करून अर्धी वाटी पाणी घालावे, घट्ट झाकण ठेवावे आणि मंद आचेवर अधूनमधून उलटत शिजवावी. मांडीचा रस पारदर्शक दिसला तरी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. स्वयंपाकाच्या तापमापकाने सारणाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस दाखवले पाहिजेत. कातडी भाजून निघते तेव्हाही आतला खिमा निवलेला असू शकतो. उतरवल्यावर १५ मिनिटे थांबून दोरा काढावा.

वाटणी

एवढी कोंबडी सहा माणसांना पुरते. तिचे तुकडे करून सारण वेगळ्या वाटीत द्यावे. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्याच्या कडाक्यात तासाभरातच, ती खाल्ली जावी वा शीतकपाटात जावी. सोबत ज्वारीची भाकरी वा पाव चालतो.

मुसलमान शेजाऱ्यांना द्यायची असल्यास कोंबडी व खिमा दोन्ही हलाल असावेत. गोव्याच्या पद्धतीने चोरीस घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यात डुकराचे मांस असते. श्रावणात, एकादशीला वा सोमवार-गुरुवारी अनेक घरे मांसाहार करीत नाहीत, तर काही ख्रिस्ती कुटुंबे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तो वर्ज्य करतात. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी त्याच दिवशी एण्णेगाई करता येते. शेंगदाणे, तीळ व कारळ्याचे सारण भरलेली ही वांगी धारवाडी जेवणाचा मान आहेत. मात्र भांडी, तेल व पळी वेगळी हवी. जैन घरात कांदा, लसूण व बटाटा चालत नाही, आणि काही जण वांगेही खात नाहीत. म्हणून तेथे विचारल्यावाचून काही पाठवू नये.

दारात ताट देताना आत काय आहे, हे स्पष्ट सांगावे. कोणी नम्रपणे नाकारले तर आग्रह करू नये. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, असा आपला रिवाज आहे. एका घरातून कोंबडी गेली आणि त्याच ताटातून चार धारवाडी पेढे परत आले, तर दोन्ही घरांचे नियम शाबूत राहतात आणि देवाणघेवाणही चालू राहते.