गढूळ डागाची कुळकथा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारियाचं आखात आहे. एप्रिलमध्ये तिथे मासेमारीचा हंगाम उघडला की छोटी विमानं समुद्रावर घिरट्या घालू लागतात. वैमानिकाची नजर पाण्यावरचा एखादा तपकिरी, गढूळ डाग शोधत असते. डाग दिसला की त्याचं ठिकाण रेडिओवरून ट्रॉलरला कळवलं जातं. त्या डागाखाली कोळंबीचा थवा असतो आणि तो इतका दाट असतो, की नुसत्या वळवळीनं तळाचा चिखल ढवळून वर येतो. तिथले मच्छीमार अशा डागाला ‘बॉइल’ म्हणतात. एरवी कोळंबीसाठी तासन्‌तास जाळं ओढत फिरावं लागतं. इथे थव्यावर नेमकं टाकलेलं जाळं थोड्याच वेळात जड होऊन वर येतं.

या कोळंबीचं शास्त्रीय नाव पिनियस मर्गुएन्सिस, बाजारात ती ‘बनाना प्रॉन’. नाव मिळालं १८८८ साली, डे मान या डच प्राणिशास्त्रज्ञाकडून. त्याच्यासमोरचे नमुने ब्रह्मदेशाच्या मेर्गुई द्वीपसमूहातले होते, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी जमवलेले. हीच जात गोवा-कारवारच्या किनाऱ्यालाही सापडते. पण आकाशातून दिसावेत असे थवे ही कार्पेंटारियाची ख्याती.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या आखातात कोळंबी किती आहे, याचा व्यापारी अंदाज कुणालाच नव्हता. १९६३ ते १९६५ या काळात सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेनं सरकारच्या साथीनं तिथली पाहणी केली. मुक्काम होता करुंबा या गावी, नॉर्मन नदीच्या मुखाशी. गाव एवढंसं, पण विमानांची सवय असलेलं. १९३८ पासून सिंगापूर-सिडनी मार्गावरच्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तो एक थांबा होता. पाहणीत दिसलं, की आखाताच्या आग्नेय कोपऱ्यात या कोळंबीचे मोठे थवे जमतात. बोटी आल्या, कोळंबी गोठवणारे कारखाने आले आणि टेहळणीची विमानंही आली.

विमानातून डाग दिसतो, पण तो डाग तयार होतो पावसानं. मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

मादी खुल्या समुद्रात लाखांच्या हिशेबात अंडी सोडते. अंडं फुटल्यावर पिल्लू अनेक रूपं पालटत पाण्याबरोबर तरंगत राहतं आणि दोन-तीन आठवड्यांत, जेमतेम सेंटिमीटरभर असताना, भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरतं. खारफुटीच्या कडेचा चिखल हे त्याचं पाळणाघर. मोठ्या माशांपासून आडोसा आणि खायला मुबलक, अशा जागी ते काही महिने वाढतं. मग डिसेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा येतो. नद्यांना पूर येतात, खाडीचं पाणी गोडं होतं, आणि लोंढ्याबरोबर तरुण कोळंबी समुद्राकडे निघते. पाऊस जोराचा झाला तर एरवी मागे राहिली असती अशी लहान कोळंबीही बाहेर पडते. समुद्रात ती झपाट्यानं वाढते आणि एप्रिलमध्ये जाळ्यात येते. तिचं सगळं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं, त्यामुळे एका पावसाळ्याचा हिशेब त्याच हंगामात चुकता होतो.

डेरेक स्टेपल्स आणि डेव्हिड व्हान्स यांनी नॉर्मन नदीत वर्षानुवर्षं पिल्लं मोजून हा संबंध पक्का केला. करुंबाच्या बाजूला पावसाच्या आकड्यांवरून पुढच्या मोसमाचा अंदाज बांधता येतो. उत्तरेकडच्या वाइपा भागात मात्र तो बांधता येत नाही, तिथे पावसाचा आणि पकडीचा मेळ असा सरळ बसत नाही. १९७४ साली उत्तर ऑस्ट्रेलियात प्रचंड पूर आले आणि त्या वर्षी या कोळंबीची पकड १२,००० टनांच्या पुढे गेली. साहजिकच बोटींची झुंबड उडाली. त्या इतक्या वाढल्या, की १९७७ पासून परवाने मर्यादित करावे लागले. पुढे सरकारनं परवाने विकत घेऊन संख्या घटवत नेली आणि आता तिथे ५२ बोटींना परवानगी आहे. हे शहाणपण महाग पडलं, तरी ते आलं याचं मला समाधान वाटतं.

आता प्रश्न नद्यांचा आहे. मिचेल, गिल्बर्ट, फ्लिंडर्स या नद्या याच आखाताला मिळतात आणि त्यांचं पाणी शेतीसाठी अडवण्याच्या योजना पुन्हा पुन्हा पुढे येतात. ‘समुद्रात वाया जाणारं पाणी’ हे शब्द आपल्याकडे कोकणातल्या नद्यांबद्दल इतक्या वेळा ऐकू येतात, की त्यात काही चूक असेल असं सहसा वाटतच नाही. कार्पेंटारियात तेच पाणी कोळंबीला खाडीतून बाहेर काढतं. सीएसआयआरओच्या अभ्यासकांनी नदीचा प्रवाह आणि कोळंबीची पकड यांचं गणित मांडलं, तेव्हा दिसलं की पाणी उचलण्याचा सर्वाधिक फटका कमी पावसाच्या वर्षी बसतो. नदीची पातळी ठरावीक खुणेच्या वर गेल्यावरच उपसा केला, तर नुकसान बरंच घटतं. म्हणून तिथले कोळंबीवाले आता जाळ्यांच्या नियमांइतकाच नदीच्या त्या खुणेसाठीही आग्रह धरतात.