नारायणरावांचा खून आणि मलंगगडाचा वेढा

१/ ३० ऑगस्ट १७७३. ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात, अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव गारद्यांच्या तलवारींना बळी पडले. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, ही चर्चा आजही रंगते. त्या चर्चेत एक प्रश्न मात्र मागे पडतो: घरातल्या खुनातून इंग्रजांशी युद्ध कसे उद्भवले?

२/ साराजेव्होत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि सुमारे महिनाभरात महायुद्ध पेटले. पुण्यातील खून आणि सुरतेचा तह यांत मात्र दीड वर्षाचे अंतर आहे. युद्धाची कारणे त्या दीड वर्षात शोधावी लागतात.

३/ खुनानंतर पेशवेपदाची वस्त्रे नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांना मिळाली. परंतु न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा दोष त्यांच्यावरच ठेवला. सत्ता हाती आली; मान्यता आली नाही.

४/ नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी, म्हणजेच बारभाईंनी, त्यांना पुरंदरावर सुरक्षित ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली.

५/ आता रघुनाथरावांचा हक्कच संपला. बारभाईंच्या फौजा पाठीवर होत्या. पुण्यात जो आधार उरला नव्हता, तो त्यांनी गुजरातेत जाऊन इंग्रजांकडे मागितला.

६/ मुंबईकर इंग्रज अशा संधीची वाटच पाहत होते. साष्टी आणि वसई त्यांना फार पूर्वीपासून हवी होती. त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ पासून पुण्यात होता. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, तह होण्यापूर्वीच, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला: अडीच हजार सैन्याच्या मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई. चिमाजी अप्पांनी १७३९ साली मोठी किंमत मोजून जिंकलेली वसई एका दावेदाराने कागदावर देऊन टाकली.

७/ कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रज सत्तेने हा तह नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. मुंबईने तरीही हट्ट सोडला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. पण युद्ध थांबले नाही.

८/ १७८० मध्ये ते कल्याण परगण्यात उतरले. इंग्रजांनी कल्याण घेतले. आज अंबरनाथ, चिखलोली, बदलापूर या पट्ट्यातून पश्चिमेकडे जो मलंगगड दिसतो, त्यावर कप्तान ॲबिंग्टन चालून गेला. खालची माची पडली. वरचा कडा मात्र मराठ्यांनी लढवत ठेवला. शनिवारवाड्यातील खुनाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा गावांवरून आता फौजा जात होत्या.

९/ १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवरावांचे पेशवेपद मान्य झाले. रघुनाथरावांना दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली. १७८३ मध्ये ते वारले. वसई परत आली. साष्टी मात्र कायमची गेली.

१०/ खुनाने इंग्रजांची हाव निर्माण केली नाही. ती आधीपासूनच होती. खुनाने वारसाहक्क वादग्रस्त केला, वादाने एक पराभूत दावेदार घडवला आणि त्या दावेदाराने परक्यांच्या हावेला कायदेशीर निमित्त दिले. म्हणूनच राजकीय हत्येचा अभ्यास करताना मारेकऱ्याच्या नावापाशी थांबू नये. हत्येनंतर कोण कोणाच्या दारी गेला आणि काय देऊ करून आला, हेही तपासावे.